वाळूचं वय

बागची लेणी पाहून आलेली माणसं भेटली की बोलता बोलता विचारतात, ‘लेणी दीड हजार वर्षांपूर्वीची, ते कळलं. पण तो दगड केवढा जुना?’ मी सांगते, साधारण साडेनऊ कोटी वर्षं. लगेच पुढचा प्रश्न येतो. कशावरून? कार्बन डेटिंग केलं का?

कार्बनचा इथे काही उपयोग नाही. कार्बन-१४ची पद्धत फार तर पन्नासेक हजार वर्षांपर्यंत साथ देते, आणि तीही मुळात सजीवाचा अवशेष हाती असेल तर. मग एखादं यंत्र असेल, त्यात दगडाचा तुकडा टाकला की आकडा बाहेर पडत असेल, असं लोकांना वाटतं. वालुकाश्माच्या बाबतीत तेही होत नाही. वाळूचा कण म्हणजे कुठल्या तरी जुन्या खडकाचा झिजलेला तुकडा. त्यातल्या झिरकॉनच्या कणाचं वय प्रयोगशाळेत काढता येतं, पण ते वय त्या कणाच्या जन्माचं असतं. तो ज्या ग्रॅनाइटमधून सुटून वाहत आला त्या ग्रॅनाइटचं. कण दोनशे कोटी वर्षांचा निघाला, तर वाळू त्यानंतर कधी तरी साचली, एवढंच कळतं. हे ‘कधी तरी’ कमी कमी करत नेणं हे माझ्या कामातल्या बऱ्याच वर्षांचं सार आहे, आणि ते काम जवळजवळ सगळं समुद्रातल्या मेलेल्या जीवांच्या भरवशावर चालतं.

बाग हे मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातलं, कुक्षीजवळचं गाव. माळव्याचं पठार उतरून नर्मदेच्या खोऱ्यात आलं की हा मुलूख लागतो. पुण्याहून रेल्वेनं इंदूर, तिथून बसनं धार, कुक्षी आणि बाग, आणि मग भाड्याची जीप. दिवाळी उरकली की निघायचं आणि होळीच्या आधी, भगोरियाचे बाजार भरायला लागले की गाशा गुंडाळायचा, असा आमचा शिरस्ता. त्यानंतर दगड इतका तापतो की त्यावर हात ठेववत नाही.

महाराष्ट्रातल्या भूवैज्ञानिकाला या भागाची ओढ का वाटते, ते सांगायला हवं. आपल्याकडे सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत काळ्या कातळाचे थर पसरले आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. त्यांच्या खाली काय आहे, हे आपल्या बहुतेक जिल्ह्यांत दिसतच नाही. बागच्या बाजूला नद्यांनी तो काळा कातळ कापून काढला आहे आणि खालचं जुनं जग उघडं पडलं आहे. एखाद्या नाल्यात शिरून वर चढत गेलं की ते क्रमानं भेटतं. तळाशी प्रीकँब्रियन काळातले ग्नाइस आणि ग्रॅनाइट. त्यावर निमार वालुकाश्म, ज्यात लेणी आहेत. वालुकाश्माच्या माथ्याला शिंपल्यांनी खच्चून भरलेला पट्टा. त्यावर गाठाळ चुनखडक, मग मऊ चुनखडी मातीचा पातळ थर, मग ब्रायोझोआ नावाच्या चिमुकल्या सागरी प्राण्यांच्या सांगाड्यांनी भरलेला पिवळट-तांबूस चुनखडक. मांडूच्या जुन्या इमारतींत हाच दगड वापरला गेला. त्याच्यावर लामेटा थर, ज्यांत डायनासोरची अंडी सापडतात, आणि सगळ्यात वर आपला ओळखीचा काळा कातळ. म्हणजे आधी जमीन, मग किनारा, मग समुद्र, पुन्हा जमीन आणि शेवटी आग. एका चढणीत हे सगळं पायाखालून जातं. मी पहिल्यांदा ती चढण चढले तेव्हा मला बोलणं सुचलं नव्हतं, आणि अजूनही तिथे गेले की माझी चाल मंदावते.

या सगळ्यांत वालुकाश्म फार अबोल. तो मुख्यतः नद्यांनी आणि भरती-ओहोटीच्या पाण्यानं टाकलेला. वाळूचे कण मोठे, मधल्या फटी मोकळ्या, त्यांतून पाणी सतत झिरपत राहतं. बागच्या लेण्यांमधली चित्रं नासली त्याला हे झिरपणंही कारण आहे. जे उरलं त्यातलं बरंचसं सोडवून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात न्यावं लागलं. तेच पाणी शंखशिंपल्यांनाही सोडत नाही. अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचं वेटोळं कवच ॲरागोनाइटचं असतं. कॅल्शियम कार्बोनेटचंच हे रूप, पण लवकर विरघळणारं. चिखलात किंवा चुनखडीत पुरलं गेलं तर त्याचा आकार टिकण्याची आशा असते. वाळूत पुरलं गेलं की काही काळानं मागे नुसती पोकळी राहते, आणि पुष्कळदा वरच्या भारानं तीही दबून जाते. कालवांचं कवच कॅल्साइटचं, जास्त चिवट. म्हणून वालुकाश्माच्या माथ्यावर कालवांचा खच दिसतो आणि ज्याची खरी गरज असते तो अमोनाइट दिसत नाही.

आता कालवं असताना अमोनाइटच का हवा? कारण सगळे जीवाश्म वय सांगण्याच्या कामी सारखे नसतात. विहीर उपसताना गाळात पाटा-वरवंटा मिळाला तर त्यावरून गाळाचं वय ठरवणं कठीण, कारण पाटा शेकडो वर्षं तसाच राहिला. शिवराई मिळाली तर गोष्ट वेगळी. कालव हा पाटा आहे. एकच घडण कोट्यवधी वर्षं चालत राहते, शिवाय ज्या दगडाला चिकटेल त्याच्या बेतानं त्याचा आकार वाकडातिकडा होतो, त्यामुळे एका जातीची दोन कालवं एकमेकांशी जुळतीलच असं नाही. अमोनाइट शिवराईच्या बाजूचे. त्यांच्या जाती झपाट्यानं बदलल्या, एकेक जात काही लाख वर्षं जगली आणि संपली. ते पोहणारे प्राणी, मेल्यावर रिकामं कवच तरंगत दूरवर जायचं. त्यामुळे तीच जात माळव्यात, मादागास्करात आणि युरोपात मिळू शकते. कमी काळ जगलेला आणि दूरवर पसरलेला जीव आम्हाला हवा असतो. इनोसेरॅमिड नावाचे शिंपलेही याच गुणामुळे उपयोगी पडतात.

वालुकाश्मात अमोनाइट नाही म्हणून हात वर करून चालत नाही. जे आहे ते सगळं पाहावं लागतं. खेकडे-कोळंबीच्या कुळातल्या प्राण्यांनी वाळूत केलेली बिळं निमार वालुकाश्माच्या वरच्या भागात छान टिकली आहेत. उभ्या नळ्या, फाट्यांची जाळी, काहींच्या भिंतींना बाहेरून चिखलाच्या गोळ्यांचं लिंपण. इथे खारं पाणी होतं, भरती येत होती, वाळू हलती होती, हे ती बिळं फार विश्वासानं सांगतात. पण वय सांगत नाहीत, कारण बीळ करण्याची तऱ्हा कोट्यवधी वर्षं बदललेली नाही. तरीही मी त्यांच्यासाठी बराच वेळ देते. किनारा कुठे होता हे कळल्याशिवाय पुढचं गणित मांडता येत नाही.

मग उरतात त्या पोकळ्या. वालुकाश्माच्या माथ्याजवळ लोह जास्त असलेला एक तपकिरी, घट्ट पट्टा काही ठिकाणी मिळतो. त्यातल्या शिंपल्यांचं कवच पार गेलेलं असतं, पण लोहामुळे दगड कडक राहिल्यानं पोकळी शाबूत. असा दगड फोडला की आतल्या खळग्यात कवचाच्या बाहेरच्या बाजूचा ठसा असतो, सगळं उलटं. उंचवटा असेल तिथे खाच, खाच असेल तिथे उंचवटा. तो तसाच वाचायला गेलं तर डोळा फसतो. म्हणून प्रयोगशाळेत आणून मऊ कुंचल्यानं त्यातले वाळूचे कण काढायचे, पातळ केलेल्या डिंकासारख्या रसायनाचा हात फिरवायचा, आणि मग द्रव लॅटेक्स ओतायचं. अमोनियाचा वास नाकात भरतो. पहिला थर अगदी पातळ, फुंकर घालून बुडबुडे फोडत फोडत. तो सुकला की दुसरा, मग तिसरा. शेवटी कडेनं नखानं उचलून हळूहळू सोलून घ्यायचं. हातात येतो एक लवचीक, पिवळट शिंपला, ज्याचं मूळ कवच कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्यात विरून गेलं. त्याच्या वाढीच्या रेषा मोजता येतात. आतल्या बाजूचा साचा मिळाला असेल तर बिजागरीचे दात दिसतात, आणि शिंपल्याचं कूळ ठरवण्यात त्या दातांना फार मान आहे.

एवढं झाल्यावर फोटो. दगडाचा डाग, लोहाचा रंग यांच्यामुळे बारीक रेषा कॅमेऱ्यात हरवतात. त्यावर जुना आणि अजूनही सरस उपाय म्हणजे नवसागर. काचेच्या फुगीर नळीत नवसागर घेऊन खालून आच द्यायची, निघालेला पांढरा धूर नमुन्यावर सोडायचा. क्षणात नमुन्यावर पिठीचा इतका पातळ थर बसतो की सगळा रंग झाकला जातो आणि नुसती घडण उरते. एका बाजूनं प्रकाश टाकला की आधी न दिसलेली बरगडीन्‌बरगडी उठून येते. हे काम पावसाळ्यात नीट होत नाही. पुण्याच्या दमट हवेत थर बसतो न बसतो तोच ओलसर होऊन चिकटतो. म्हणून फोटोंची कामं आम्ही थंडीसाठी राखून ठेवायचो, आणि नेमकी थंडीतच फील्डवर जायची घाई असायची.

या खटपटीतून वालुकाश्माबद्दल जे हाती येतं ते बहुधा वंशापर्यंत थांबतं. जात ठरत नाही. वंश पुष्कळ काळ जगतो. तेव्हा उत्तरासाठी वर चढावं लागतं, त्याच्या डोक्यावरच्या चुनखडकात.

इथे आमच्या आधीच्यांची आठवण केल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. बागचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अभ्यासकांच्या हाती लागले. १८६५मध्ये डंकन यांनी लंडनमध्ये बसून बागच्या अर्चिनचा, म्हणजे काटेरी सागरी प्राण्यांच्या जीवाश्मांचा, अभ्यास केला आणि त्यांचं नातं युरोपातल्या सेनोमेनियन काळाशी, म्हणजे क्रिटेशस काळातल्या एका टप्प्याशी, जोडलं. ब्लॅनफर्ड यांनी १८६९मध्ये तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. १८८४मध्ये प्रमथनाथ बोस यांनी या थरांची जी विभागणी केली, वालुकाश्म, गाठाळ चुनखडक, देवला-चिराखानची चुनखडी माती आणि वरचा चुनखडक, ती आजही आमच्या वहीत जवळजवळ तशीच असते. मयूरभंजच्या लोहखनिजाबद्दल जमशेटजी टाटांना पत्र लिहिणारे बोस ते हेच. पुढे १९३०च्या दशकापासून प्रा. जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी बागचे अर्चिन, शिंपले, अमोनाइट एकेक करून तपासले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, बागच्या थरांचा अभ्यास रुजला तो त्यांच्यामुळे. १९७०च्या दशकात त्यांनी घारे आणि बडवे यांच्याबरोबर बागच्या जीवसृष्टीचा आणि वयाचा सगळा हिशेब पुन्हा मांडला. मोटारीचा रस्ता नसलेल्या नाल्यांतून या लोकांनी नमुने आणले आणि प्रत्येकावर गाव, नाला, थर लिहून ठेवला. त्या चिठ्ठ्यांवरची शाई फिकी पडली आहे, पण त्यांच्या आधारानं आजही तो थर जागेवर जाऊन शोधता येतो. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा ठेवा त्या चिठ्ठ्या आहेत.

वयाबद्दल मात्र एकमत व्हायला फार काळ लागला. अर्चिन एक सांगत, शिंपले दुसरं, आणि अमोनाइटच्या नावांवरूनच वाद. बागमध्ये सगळ्यात जास्त मिळणारा अमोनाइट म्हणजे प्लासेंटिसेरास. चपटा, कडेला निमुळता, काही नमुने ताटाएवढे. त्याच्या कवचाच्या आतल्या पडद्यांच्या शिवणी इतक्या नक्षीदार असतात की झिजलेल्या तुकड्यावरही त्या ओळखता येतात. १९०७च्या सुमारास व्ह्रेडेनबर्ग यांनी बागमधल्या नमुन्यांवरून त्याची एक जात नोंदवली आणि तिला त्या वेळच्या व्हाइसरॉय मिंटोचं नाव दिलं. नंतर आणखी नावं पडत गेली. पण एकाच जातीत नर-मादीचे आकार वेगळे, लहान वयात गुळगुळीत तर मोठेपणी गाठी, कोणी सडपातळ तर कोणी जाडजूड, असा फरक निघतो. शेकडो नमुने शेजारी मांडून पाहिल्याशिवाय तो लक्षात येत नाही. जादवपूर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी असं मोठ्या प्रमाणावर मांडून पाहिलं आणि बागच्या पुष्कळशा नमुन्यांना आफ्रिकेच्या दक्षिणेकडून आधीच ठाऊक असलेल्या प्लासेंटिसेरास काफ्रारियम या एका जातीत बसवलं. ही बाब वरवर क्षुल्लक वाटते. पण नाव बदललं की त्या नावामागचा काळ बदलतो, आणि त्याच्या खालच्या वालुकाश्माचं वयही सरकतं. अमोनाइटच्या नावावरून दोन दिवस भांडणारी माणसं पाहून नवख्या विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटतं. मी त्यांना सांगते, भांडू द्या, याच भांडणावर कालगणना उभी आहे.

त्यातला एक टप्पा मला विशेष मोलाचा वाटतो. २००३मध्ये केनेडी, पुण्याचे फणसळकर आणि पोलंडचे वालाश्चिक यांनी बागच्या थरांमधून प्रायोनोसायक्लस जर्मारी या अमोनाइटची नोंद प्रसिद्ध केली. हा अमोनाइट रॉयस यांनी १८४५मध्ये बोहेमियातून वर्णिला होता. कवचाच्या बाहेरच्या कडेला मधोमध एक कणा, त्यावर ओळीनं दाते, आणि बाजूंना बरगड्या. दिसायला तो प्लासेंटिसेरासइतका देखणा नाही, मिळतोही क्वचित. पण सेनोमेनियननंतरच्या ट्युरोनियन काळाच्या अगदी वरच्या भागात, थोड्याच काळात, तो युरोपात आणि अमेरिकेत आढळतो आणि मग संपतो. तो बागमध्ये मिळाला म्हणजे बागचा तो थर वरच्या ट्युरोनियनचा. खिळा ठोकावा तसं वय पक्कं झालं. या थरांचा काळ ठरवताना दीडशे वर्षं जी ओढाताण चालली होती तिला त्यानं एक पक्की जागा दिली.

वरच्या ट्युरोनियनचा म्हणजे किती वर्षांपूर्वीचा, हा आकडा मात्र अमोनाइटकडे नसतो. तो येतो अमेरिकेच्या मध्यभागातून. तिथे क्रिटेशस काळात उत्तर-दक्षिण पसरलेला उथळ समुद्र होता आणि पश्चिमेला जागे ज्वालामुखी. समुद्राच्या चिखलात अमोनाइट पुरले जात होते आणि अधूनमधून त्यावर ज्वालामुखीची राख पडत होती. राखेतल्या सॅनिडीन आणि झिरकॉनच्या स्फटिकांचं वय मोजता येतं, कारण ते स्फटिक त्याच उद्रेकात तयार झालेले असतात. राखेच्या दोन थरांमध्ये कुठला अमोनाइट आहे हे पाहत पाहत अमोनाइटच्या क्रमाला आकडे मिळाले. ट्युरोनियनची सुरुवात कोलोरॅडोमधल्या प्वेब्लोजवळच्या एका थरावरून जगभर मोजली जाते, तिथे वॉटिनोसेरास डेव्होनेन्स हा अमोनाइट पहिल्यांदा दिसतो. ती सुमारे ९.३९ कोटी वर्षांपूर्वीची. तिथून खाली १०.०५ कोटी वर्षांपर्यंत सेनोमेनियन. म्हणजे धारमधल्या नाल्यातल्या दगडाचं वर्षांतलं वय शेवटी अमेरिकेतल्या राखेवर टेकलेलं आहे, आणि मधला दुवा एक दातेरी कण्याचा प्राणी.

आता पुन्हा वालुकाश्माकडे. त्याच्या डोक्यावरचा चुनखडक ट्युरोनियनचा, तेव्हा वालुकाश्म त्याहून जुना. हे सरळ आहे. पण किती जुना? त्याच्या पायाशी असलेला ग्नाइस शंभर कोटींहून अधिक वर्षं आधीचा. खालून मिळणारी मर्यादा म्हणून तो काहीच कामाचा नाही. मधला सगळा काळ इथे एक तर दगड साचला नाही किंवा साचलेला वाहून गेला. मी विद्यार्थ्यांना त्या सांध्यावर एक हात ग्नाइसवर आणि एक हात वाळूवर ठेवायला सांगते. दोन हातांमध्ये एक बोट मावणार नाही इतकं अंतर, आणि तेवढ्यात पृथ्वीच्या इतिहासाचा मोठा भाग गडप आहे.

म्हणून निर्णय वरच्या सांध्यावर होतो. वालुकाश्म आणि चुनखडक यांच्यामध्ये झीज झाल्याची खूण आहे का? दगडगोट्यांचा थर, कोरून निघालेला पृष्ठभाग, लाल मातीचा पट्टा? बागजवळच्या ज्या छेदांत मी काम केलं तिथे वाळूत हळूहळू चुन्याचं प्रमाण वाढत जातं, कालवांचा पट्टा येतो, आणि मग गाठाळ चुनखडक सुरू होतो. समुद्र पुढे सरकत आला, थांबला नाही, असं ते दिसतं. तेव्हा वालुकाश्माचा माथा चुनखडकाहून फार जुना असू शकत नाही. त्यात कालवं, शार्कचे दात, बिळं, लॅटेक्समधून उतरवलेले शिंपले या सगळ्यांची साक्ष जोडली की सेनोमेनियन हा काळ बसतो. बहुतेक अभ्यासक आज निमार वालुकाश्म तिथेच ठेवतात. साडेनऊ कोटी हा आकडा असा आला.

त्यातही एक गोष्ट नेहमी सांगायची राहते. समुद्र पश्चिमेकडून, नर्मदेच्या खचलेल्या पट्ट्यातून आत शिरला. गुजरातेत कवांटच्या बाजूला किनारा होता तेव्हा पूर्वेला मनावर गावाच्या बाजूला नद्याच वाहत असणार. किनारा पुढे सरकला तशी किनाऱ्याची वाळूही पुढे सरकली. नकाशावर सगळ्याला निमार वालुकाश्म असा एकच रंग दिलेला असतो, पण त्या रंगाचं पश्चिमेचं टोक आणि पूर्वेचं टोक एकाच काळातलं असेलच असं नाही. एक दगड, एक नाव, आणि वय मात्र जागोजाग थोडं थोडं निराळं. ते वेगळेपण मोजायचं तर प्रत्येक नाल्यात वेगळा पुरावा हवा, आणि तो नेमक्या जागेचा हवा.

एका वर्षी देवल्याकडे काम चालू असताना एका भिलाला कुटुंबाच्या घरी पाणी प्यायला थांबलो होतो. पळसाच्या पानांत भाजलेले मक्याचे पानिये समोर आले. खाताना लक्ष गेलं, कोपऱ्यातल्या देवाजवळ शेंदूर फासलेला एक वेटोळा दगड. जवळून पाहायची परवानगी मागितली. घरातल्या आजींनी मान हलवली, पण हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. शेंदराखालून शिवणीची नक्षी दिसत होती, प्लासेंटिसेरासचा चांगला मोठा तुकडा. त्यांच्या सासऱ्यांनी आणलेला. कुठून, हे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘बेटी, देव कुठला ते विचारतेस?’ मी म्हटलं, ‘माँजी, देव तुमच्याकडेच राहू दे. तो कुठल्या नाल्यातून आला तेवढं सांगा.’ त्यांनी नातवाला हाक मारली. पोरानं आम्हाला गावाबाहेरच्या ओढ्यात नेलं आणि काठानं बोट दाखवलं, ‘बाबा म्हणायचे, या पट्ट्यातून.’ गाठाळ चुनखडकाचा वरचा भाग होता तो. देवाजवळच्या तुकड्याला चिकटलेली माती मी भिंगातून पाहिली होती, ती त्या पट्ट्याशी जुळत होती. वहीत त्या ओढ्याची, पट्ट्याची आणि उंचीची नोंद झाली. नमुना आमच्याकडे आला नाही, तरी त्याची साक्ष आली.

याच्या उलट अनुभव फार वेळा येतो. शहरातले संग्राहक सुंदर अमोनाइट घेऊन येतात, घासूनपुसून चकचकीत केलेले. कुठला? ‘बागचा.’ बागमध्ये कुठला? ‘बाजारात मिळाला.’ असा नमुना कितीही देखणा असला तरी वय ठरवण्याच्या कामात त्याला जागा नाही. तो कोणत्या थरातून आला, त्या थराच्या वर-खाली काय होतं, जुन्या थरातून सुटून नव्यात येऊन पडलेला तर नाही, यातलं काही सांगता येत नाही. पाण्यानं घोळून आलेल्या नमुन्याच्या कडा झिजलेल्या असतात, त्यावरून पुनर्निक्षेपाचा संशय घेता येतो. पॉलिश केल्यावर तीही खूण गेली. प्रायोनोसायक्लसचा तो नमुना कुणी पॉलिश करून टेबलावर ठेवला असता, तर बागच्या वयाबद्दल आपण अजून वाद घालत बसलो असतो.

चिराखान, देवला, सीतापुरी, झिराबाद या बाजूंना चुनखडकाच्या खाणी आहेत, रस्ते रुंद होत आहेत, शेतं सपाट केली जात आहेत. लोकांना घरं हवीत, रस्ते हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नवीन खणलेल्या कापात कधी कधी असे छेद दिसतात जे नाल्यात कधीच दिसले नसते. पण ते पावसापर्यंतच स्वच्छ असतात. तेवढ्या अवधीत कुणी जाऊन मोजमाप केलं तर केलं, नाही तर गेलं. डायनासोरच्या अंड्यांमुळे या भागाचं नाव झालं, २०२३मध्ये नर्मदा खोऱ्यातल्या २५६ अंड्यांचा शोधनिबंध आला तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी तो छापला. त्या अंड्यांच्या खालचे सागरी थर मात्र कुणाच्या बातमीत येत नाहीत. मला ते खटकतं. डायनासोर कोणत्या जमिनीवर चालत होते आणि ती जमीन समुद्रातून कधी वर आली, हे सांगायला हेच शिंपले आणि हेच अमोनाइट लागतात.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. बागला जा, लेणी पाहा, बाग प्रिंटचं कापड घ्या, नाल्यांतूनही हिंडा. दगडात शंख, शिंपला, वेटोळं दिसलं तर ते उपटू नका आणि विकतही घेऊ नका. शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा, आणखी एक फोटो लांबून काढा म्हणजे वर-खालचे थर दिसतील, मोबाइलवरून जागेची नोंद घ्या, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. महाराष्ट्रातही लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातले शंख मिळतात, तिथेही हेच करा. नमुना जागेवर राहिला तर त्याचा उपयोग होतो, जागा हरवली की तो नुसता दगड.